खुर्चीचा तुटलेला धागा

कापड लाल व्हायला लागलं आणि हॉलमधली दीडशे माणसं चिडीचूप झाली.

खाटेवर एक ड्रायव्हर पालथा पडला होता. जोडबाबांनी त्याला बाटलीतलं औषध पाजून उघड्या पाठीवर पिवळं कापड अंथरलेलं. बरोबर कमरेपाशी, त्याला दुखत होतं तिथेच, तळहाताएवढा लाल डाग उमटला.

"औषधाला पत्ता सांगावा लागत नाही," जोडबाबा म्हणाले. "शरीरात जिथे धागा तुटलाय, तिथे ते आपल्या पायांनी जातं. शास्त्रज्ञ आता कुठे त्याला अँटिबॉडी म्हणायला लागलेत. आमच्या गुरूंनी तीनशे वर्षांपूर्वीच ती बाटलीत भरली."

"गुरू तीनशे वर्षांचे आणि बाटली प्लास्टिकची," धाकटी पुटपुटली.

"तोंड आवर," आई म्हणाली.

धाकटी सोळाची. शाळा सोडून आईच्या रफूच्या दुकानात बसायची. एरवी तिला राग आला की ती भांडून मोकळी व्हायची. आज भांडणही सुचत नव्हतं.

कारण आईच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. डॉक्टरीणबाईंनी सगळं उलगडून सांगितलं होतं. वाहिनीच्या भिंतीतले लवचीक धागे झिजलेत, इलॅस्टिक सैल पडतं तसे. फुगा फुटला तर हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळायचा नाही. ऑपरेशन करू, तोवर बीपीची गोळी चुकवू नका, पोट कुणाला दाबू देऊ नका.

"धागेच आहेत तर आतून जोडता येत नाहीत का हो?" आईनं विचारलं होतं.

तसं संशोधन चाललंय, बाई म्हणाल्या. तुटलेला धागा ओळखून फक्त त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी, आणि तिच्यावर लादलेलं औषध. पण ते अजून उंदरांवर.

आईनं तीस वर्षं रफू केलेलं. तिनं धागा ऐकला, उंदीर ऐकलाच नाही. कुणीतरी जोडबाबांचं नाव सांगितलं आणि दहा दिवस झाले, गोळ्या बंद. आज तिसरी बैठक. आज बाबा मूठ रोवून आतल्या धाग्याला गाठ मारणार होते.

नोंदणीच्या टेबलावरची ताई प्रत्येकाला विचारायची, "कुठे दुखतं?" मग वाटीतल्या ओल्या बोळ्यानं तीच जागा पुसायची. शुद्धी म्हणे. धाकटीची नजर त्या बोळ्यावरून हटेना.

तिनंही नाव घातलं.

"कुठे दुखतं गं?"

"उजवा घोटा," ती धडधडीत खोटं बोलली. ताईनं घोटा पुसला.

खाटेवर बाबांनी तिला औषध पाजलं, डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पायांवर कापड टाकलं. घोट्यावर लाल डाग.

"पण मला तिथे काहीच होत नाही," धाकटी उठून बसली. "मी थाप मारली होती."

लोकांत कुजबुज झाली. बाबा नुसते हसले. "तुला कळलं नाही, पोरी, औषधाला कळलं. वर्षभरात लंगडत आली असतीस."

टाळ्या पडल्या. मागून कुणी म्हणालं, "आगाऊ कार्टी." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा नंबर आईचा होता.

आई आडवी झाली. पोटावर कापड पडलं, बेंबीच्या वर लाल झालं. बाबांनी बाह्या सारल्या आणि मूठ आवळली. आईनं डोळे घट्ट मिटले.

धाकटी धावली. टेबलावरचा बोळा उचलला, बाबांची रिकामी खुर्ची खसाखसा पुसली, आईच्या पोटावरचं कापड ओढलं आणि कोरी बाजू खुर्चीवर दाबून धरली.

"थांबा. आधी हे बघा."

कापड लाल झालं. खुर्चीएवढं.

"बाबा, खुर्चीचा कुठला धागा तुटलाय?" तिनं कापड सगळ्यांसमोर उंचावलं. "हळदीत रंगवलेलं कापड आहे हे. वाटीत धुण्याचा सोडा. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, घरोघरी होतो. जागा औषध शोधत नाही. जागा आपण ताईंना सांगतो आणि ताई तिथे सोडा लावतात."

ड्रायव्हर पुढे आला. त्यानं बोळ्यानं स्वतःचं कोपर पुसलं, कापड लावलं, बघत राहिला. "माझं कोपर धडधाकट आहे," तो हळूच म्हणाला. बाबांची मूठ खाली आली. बाबा म्हणाले, अविश्वासानं आज शक्ती गेली. या वेळी टाळी पडली नाही.

आई उठली, पदर सारखा केला. जिन्यात तिनं धाकटीचा हात धरला. "कापड फसवं होतं, पण माझं पोट फसवं नाही ना गं? ते खरंच फुगलंय?"

"खरंच."

"मला चिरून घ्यायची भीती वाटते."

"मलापण," धाकटी म्हणाली.

तशाच दोघी हॉस्पिटलात गेल्या. तपासणीच्या खोलीत नवाच डॉक्टर होता. आईनं आधीच्या तपासणीचे कागद पिशवीतच ठेवले. "कुठे दुखतंय ते मी सांगणार नाही. तुम्ही शोधा."

तो चमकला, पण चिडला नाही. सोनोग्राफीचं यंत्र अंगावरून हळूच फिरवत राहिला, एका जागी थांबला आणि पडदा तिच्याकडे वळवला. "इथे. रक्तवाहिनी फुगलीय. आधी गोळी सुरू, आणि आज घरी जायचं नाही."

"ऑपरेशननं नक्की बरी होईन?"

"बहुतेक. नक्की असं मी कुणालाच म्हणत नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग धाकटीला म्हणाली, "कागद दे त्यांना."

तुमच्याही गल्लीत असा कुणी येईल, नवे शब्द घेऊन. भीती वाटली तरी त्याला एकदा चुकीची जागा सांगून बघा, आणि त्यानं सबब सांगितली तर खुर्ची पुढे करा. खरं औषध असल्या परीक्षेला घाबरत नाही.