अमीरांच्या मजलिशीतली किटली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची. चोच पोपटासारखी वाकडी, पोटावर हातोडीचे वण. अल-अहसाच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं आणि तिथून मी दूरच्या एका प्रांतात, अमीरांच्या मजलिशीत आले.

राजे राहतात रियाधला. प्रत्येक प्रांतात ते आपल्या जागी एक अमीर नेमतात. खजुरांच्या जत्रेत बक्षिसं अमीरच देतात, राष्ट्रीय दिनी तलवारींच्या नाचात उतरतात आणि दर सोमवारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. त्यांचा शब्द म्हणजे राजांचा शब्द. पाहुणे माझ्याकडे पाहून ‘काय देखणी किटली!’ म्हणायचे, तेव्हा मी चमकायचे. पण भीती म्हणजे काय, तेही मी याच गालिच्यावर शिकले.

इथली एक रीत ऐका. पाहुण्यानं भरलेला प्याला तसाच खाली ठेवला, की त्याला काही मोठं मागायचं आहे असं समजतात. अमीर ‘पी’ म्हणाले, तर मागणं मान्य. प्याला उचलून नेला, तर नाही. असे दोन प्याले उचललेले मी पाहिलेत. ती माणसं पुन्हा दिसली नाहीत.

एका सोमवारी गिरीश आला, इथल्या एका दवाखान्यातला एक्सरेवाला. त्याच्या जुन्या कफीलनं, म्हणजे मालकानं, ‘हा पळून गेला’ अशी खोटी नोंद केली होती. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, बंद पडला. इकामा नाही म्हणून त्याच्या ज्ञानदाच्या कानांचं ऑपरेशन थांबलं होतं. सहा वर्षांची पोर, तिला रोज थोडं थोडं ऐकू येईनासं होत होतं.

गिरीशनं प्याला खाली ठेवला. सगळ्या मजलिशीच्या नजरा त्या प्याल्याकडे वळल्या.

अमीरांनी अर्ज वाचला. ‘‘पी. तुझं काम झालं.’’

पण गिरीश पिईना! कहवा वाढणारा हैदराबादी मुझम्मिल घाबरून कुजबुजला, ‘‘पियो ना साब, मरवाओगे क्या?’’

‘‘मुझम्मिलभाई, निर्जळी उपवास है मेरा. कागज हाथ में आने तक.’’

बिचाऱ्याला रीत ठाऊकच नव्हती, प्याला ठेवला तो उपवासापायी! अमीरांच्या भुवया चढल्या. पहारेकरी एक पाऊल पुढे सरकला. गिरीशनं डोळे मिटले आणि कहवा गटकन घशाखाली ओतला.

‘‘कागद उद्या,’’ चिटणीस म्हणाला.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर शाही फर्मान आलं. अमीर बदलले.

नव्या अमीरांचा कहवा थर्मासमधून येतो. मला दारापाशी काचेच्या कपाटात ठेवलंय. पुढच्या सोमवारी गिरीश आला, ज्ञानदाचा हात धरून.

‘‘बाबा, आपला नंबर कधी?’’ ती ओरडलीच. आपण ओरडतोय हे तिला कळत नव्हतं.

‘‘हळू गं, सोन्या.’’

नव्या चिटणीसानं विचारलं, ‘‘जुन्या अमीरांनी शब्द दिला, हे कोणी ऐकलं?’’

त्या दिवशीचे निम्मे लोक तिथंच बसलेले. कुणी जपमाळ ओढू लागलं, कुणी मोबाइल पाहू लागलं. मुझम्मिलचा इकामाही याच लोकांच्या हातात. तो थर्मासचं झाकण घट्ट करत राहिला, करतच राहिला.

पहारेकऱ्यानं गिरीशच्या खांद्यावर हात ठेवला. ज्ञानदा बाबाच्या ओठांकडे पाहत राहिली, काय म्हणतोय ते कळावं म्हणून. तो काहीच बोलत नव्हता.

मित्रांनो, मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. पण मी पितळेची. मला घासू नका, पुसू नका, हवं तर मोडीत काढा. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे. कुणी विचारलं, ‘कोणी ऐकलं?’ तर तेवढं म्हणा, ‘मी.’