पाळण्यातले साहेब

आमच्या साहेबांना मतं होती. केबल कंपनीच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ती असावीच लागतात. साहेबांची तीन विषयांवर होती: माध्यमं, तंत्रज्ञान आणि नेतृत्व. गेली सहा वर्षं ती कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहायचे, मग ती साहेबांना पटायची.

एका उद्योगविषयक साप्ताहिकात त्यांचं सदर यायचं. 'केबल मेलेली नाही, तिने फक्त कूस बदलली आहे,' असं त्यात ते म्हणायचे. 'यंत्राला मन द्या,' असंही म्हणायचे. स्वतःचे ईमेल मात्र त्यांना सेक्रेटरीने छापून, पिना मारून टेबलावर ठेवलेले लागायचे. आणि 'नेत्याचे पाय जमिनीवर हवेत' हे तर त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांना सातव्या मजल्यावर सुचलं होतं. म्हणजे मला सुचलं होतं, पण सातव्या मजल्यावरच.

त्या महिन्यात मी त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिल्या. एक लेख: 'माणूस हीच आमची खरी केबल'. आणि एक पत्र, चौदा लाईनमनना पाठवायचं. कंपनीने 'स्वयं' नावाची नवी यंत्रणा आणली होती. ती बिघाड स्वतःच शोधणार, गाड्यांवर स्वतःच लक्ष ठेवणार, सबब 'आम्ही आपल्याला नव्या क्षितिजांसाठी मोकळं करत आहोत'. 'मोकळं' हा शब्द साहेबांना फार आवडला. मलाही तेव्हा बरा वाटला होता, हे कबूल करते.

यादीतलं पहिलं नाव मामांचं होतं. एकोणतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस. अख्खी कंपनी त्यांना मामा म्हणायची. बाकीचे प्रेमाने, साहेब खरं नाव माहीत नसल्यामुळे.

पत्रं गेली त्याच आठवड्यात साप्ताहिकाने साहेबांचा फोटो मुखपृष्ठावर छापायचं ठरवलं. फोटोग्राफरला ते केबिनमध्ये नको होते, 'प्रत्यक्ष कामावर' हवे होते. म्हणून एका सकाळी आम्ही शहराच्या जुन्या भागातल्या एका अरुंद रस्त्यावर पोचलो. तिथे पाळणा उभा होता. पाळणा म्हणजे लांब लोखंडी हाताची गाडी. हाताच्या टोकाला माणसाने उभं राहायचा पिंजरा असतो. पिंजऱ्यात मामा होते. साहेबांनी नवंकोरं पिवळं हेल्मेट घातलं, गाडीच्या आरशात पाहिलं, आत शिरले आणि मला म्हणाले, "तुम्हीही या. वर गेल्यावर काही सुचलं तर कोण लिहून घेणार?"

"साहेब, हा दोघांचा आहे," मामा म्हणाले.

"मामा, मर्यादा या मनात असतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. ते वाक्य गेल्या अंकातलं होतं.

पाळणा कुरकुरत वर गेला. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर फोटोग्राफर खालून ओरडला, "सर, जरा बाहेर वाका! दूरदृष्टी दिसू द्या!" साहेब दूरदृष्टी दाखवायला वाकले, पिंजरा एका अंगाला कलला, टूं टूं आवाज झाला आणि सगळं बंद पडलं.

"काय झालं?" साहेबांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"स्वयंने कुलूप लावलं. वजन जास्त झालं ना. आता खालून ड्रायव्हरलाही हलवता येणार नाही. मदत केंद्रातून उघडून घ्यावं लागतं."

"मग लावा फोन. प्रोसेस पाळा. घाबरायचं कारण नाही." घाबरलेलं तसं कोणीच नव्हतं, ते सोडून.

मामांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. पूर्वी लाईनमनसाठी वेगळा नंबर होता, पण साहेबांनी गेल्या वर्षी 'आतला आणि बाहेरचा हा भेद मिटवा' म्हणत तो ग्राहकांच्या नंबरात मिसळून टाकला होता. संगीत वाजलं आणि पाठोपाठ साहेबांचाच आवाज आला: "नमस्कार. तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. रांगेत तुमचा क्रमांक एक्केचाळीस."

"आवाज छान लागलाय," साहेब म्हणाले.

क्रमांक अडतीसला त्यांनी हेल्मेट काढलं. तेहतिसाव्याला विचारलं, "हे एवढं एकच वाक्य आहे का?"

"दुसरं लिहिलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, नेमकं बोलावं."

एवढ्यात समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीत एक काकू कपडे वाळत घालायला आल्या. पिळलेली चादर खांद्यावर टाकून त्यांनी हाक मारली, "अहो मामा! बरं झालं आलात. आणि हे कोण, नवीन का?"

"शिकतायत अजून," मामा म्हणाले.

साहेबांना राग यायला हवा होता, पण समोर साक्षात ग्राहक उभा होता. एवढ्या जवळून त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला असावा. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "ताई, आमच्या दोनशे वाहिन्यांपैकी आपल्याला सगळ्यात जवळची कोणती वाटते?"

"बातम्यांची. आवाज बंद करून."

"आवाज बंद? का?"

"हे गेल्यापासून घर अंगावर येतं हो. कोणीतरी समोर तोंड हलवत असलं की बरं वाटतं. पण ऐकायला लागलं की डोकं उठतं." त्यांनी चादर झटकली. "मामांनीच रिमोटवर त्या बटणाला लाल टिकली चिकटवून दिलीय. मला बारीक अक्षर दिसत नाही ना."

काकू आत गेल्या. साहेब गप्प झाले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्या गप्पपणात मला क्षणभर वाटलं, या माणसाच्या आत काहीतरी हललं. आपण दोनशे वाहिन्या विकतो आणि ही बाई त्यातलं एकही अक्षर ऐकत नाही, हे कुठेतरी लागलं असणार.

"लिहून घ्या," ते हळूच म्हणाले. "मूक वाहिनी. वेगळा पॅक. नाव 'सोबत'."

मी लिहून घेतलं.

पाऊण तासाने फोन लागला. एका मुलीने गोड आवाजात ग्राहक क्रमांक विचारला. साहेबांनी मामांच्या हातातून फोन हिसकावला. "मी कंपनीचा प्रमुख बोलतोय!"

"हो सर. ग्राहक क्रमांक सांगता?"

"माझ्याकडे क्रमांक नाही. आमच्या घरी केबल नाही!"

"अच्छा सर. मग नवीन जोडणीसाठी कृपया दोन दाबा." आणि पुन्हा संगीत. रांगेत आमचा क्रमांक सत्तावन्न.

खाली बघ्यांची गर्दी जमली होती. फोटोग्राफर मन लावून फोटो काढत होता. साहेबांनी कठड्यावर कपाळ टेकलं. "मामा, दुसरा काहीच मार्ग नाही का हो?"

"आहे की." मामांनी पायाशी असलेलं एक झाकण बुटाने दाखवलं. "आत हाताने फिरवायची कळ आहे. पाच मिनिटांत खाली."

"मग तासभर सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, प्रोसेस पाळा. आणि त्याला सील आहे. परवानगीशिवाय तोडलं की नोकरी जाते, तुमचाच नियम. माझी तशीही चाललीच आहे म्हणा, पण एक नोकरी दोनदा कशाला घालवू? लेखी द्या, तोडतो."

मी वहीत परवानगी लिहिली. साहेबांनी एक अक्षरही न वाचता खाली सही ठोकली. मामांनी पक्कडीने सील तोडलं, गुडघ्यावर बसून कळ फिरवायला घेतली, आणि आम्ही वीत-वीत करत खाली आलो. पाय जमिनीला लागताच साहेबांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं आणि फोटोग्राफरबरोबर आलेल्या वार्ताहराला सांगितलं, "संकटात शांत राहणं, हेच नेतृत्व." मामांचा हात ग्रीसने माखला होता म्हणून त्यांनी तो हातात घेतला नाही, लांबूनच अंगठा दाखवला.

मला वाटलं होतं, परतताना गाडीत तरी ते पत्रांचा विषय काढतील. ते 'सोबत'बद्दल बोलत होते. शेवटी मीच विचारलं, "साहेब, मामांचं काय?"

"उत्तम माणूस. जायच्या आधी त्यांचा एक व्हिडिओ करून घ्या. प्रशिक्षणासाठी."

त्या संध्याकाळी मी सदर लिहायला बसले. शीर्षक दिलं, 'उंचीवरून दिसलेली जमीन'. शांतपणा टाकला, दूरदृष्टी टाकली, काकूंचं वाक्य त्यांची परवानगी नसल्यामुळे गाळलं. आणि शेवटच्या परिच्छेदात, सगळ्यात मऊ शब्दांच्या मधोमध, एक वाक्य घातलं: 'त्या तासाभरात माझे डोळे उघडले, आणि म्हणून चौदा लाईनमनची कपात मी आजपासून रद्द करत आहे.' छापून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी शीर्षक वाचलं, फोटो कोणता आहे ते विचारलं आणि सही केली.

अंक आला तसे फोन सुरू झाले. संचालक मंडळाच्या अध्यक्षांनी अभिनंदन केलं. युनियनने पुष्पगुच्छ पाठवला. एका संस्थेने संवेदनशील नेतृत्वावर भाषण द्यायला बोलावलं. दुपारी साहेबांनी मला आत बोलावून दार लावायला सांगितलं. अंक उघडा होता, बोट शेवटच्या परिच्छेदावर.

"हे मी कधी म्हणालो?"

"पाळण्यात, साहेब."

त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा बोट फिरवत वाचलं. नोकरी गेली असं धरून मी टेबलाच्या खणात काय काय आहे ते मनात मोजत होते. मग त्यांची नजर पुष्पगुच्छाकडे गेली.

"म्हणालो असेन," ते म्हणाले. "नक्कीच म्हणालो असेन. हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे."

आनंदाने मी स्वतःच गोदामात गेले. मामा दोरखंड गुंडाळत होते. मी बातमी सांगितली. त्यांनी दोरखंड खाली ठेवला.

"तुम्ही केलंत हे?"

मी मान डोलावली.

"तेरा पोरांचं भलं झालं. पण माझ्यासाठी केलं असेल तर वाया गेलं, पोरी. मी परवाच दुसरीकडे हो म्हणून आलोय. लिफ्टची दुरुस्ती. पगारही बरा आहे, आणि डोक्यावर छप्पर."

"मग आता?"

"आता काय, जाणार. त्या पत्रातला तो शब्द कोणाचा होता, 'मोकळं'?"

"माझा," मी म्हणाले. हे मात्र साहेबांवर ढकलता येत नव्हतं.

"वाईट नव्हता," मामा म्हणाले. "आधी खूप चीड आली, मग वाटलं, खरंच आहे की." त्यांनी खांबावर चढताना कमरेला बांधायचा कंपनीचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि तो कुठे जमा करायचा, कोणाची सही घ्यायची, ते नीट समजावून सांगितलं.