गाईच्या पोटातला मी

मी जुना आहे, मित्रांनो, किती जुना ते माझं मलाही ठाऊक नाही. मी एक विषाणू आहे. चोपड्याजवळच्या एका गावात भागाबाईंच्या गोठ्यात तांबडी गाय आहे. तिच्या आतड्यात माझं बिऱ्हाड. गाईला माझा त्रास नाही. ती रवंथ करते, मी गप्प राहतो.

माझ्या अंगावर सगळीकडून प्रथिनांचे काटे आहेत. त्या काट्यांनी मी पेशीचं दार उघडतो, आत शिरतो आणि तिच्याच सामानातून माझ्यासारखे हजारो घडवून घेतो. माझा जन्मही असाच झाला. जिने मला घडवलं ती पेशी मग उरली नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

१९९४ च्या दिवाळीत भागाबाईंची मुलगी प्रमिला धुळ्याहून माहेरी आली. ती तिथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. ओट्यावर बसून ती चौकटींच्या कागदावर काम करी. वरच्या ओळीत शोधनिबंधातून उतरवलेली माझ्या काट्याची रचना, प्रथिनाच्या साखळीतल्या प्रत्येक कडीला एक अक्षर. खालच्या ओळीत माणसाला सर्दी देणाऱ्या विषाणूच्या काट्याची. जुळेल ते अक्षर ती लाल पेन्सिलीने रंगवायची. शंभरातली नव्वदाहून जास्त लाल झाली.

"किती देखणं जुळतंय," ती स्वतःशीच म्हणाली. माझं असं कौतुक पहिल्यांदाच झालं. खालची ओळ माझ्या भावाची आहे, हे मी तिला केव्हाच सांगितलं असतं. आमच्यापैकी कोण कुणाच्या घरून निघालं, ते मात्र मला विचारू नका.

पाडव्याला सकाळी गाय व्याली. वार, म्हणजे वासरामागून बाहेर येणारी झिल्ली, पडल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही, ही त्या घरची रीत. वार संध्याकाळपर्यंत पडली नाही. तोवर भागाबाईंनी पहिलं दाट दूध, म्हणजे चीक, काढून घेतला. देवाला आणि सगळ्या गल्लीला खरवस गेला.

"माय, तो चीक वासरूना शे. त्याले पाज," प्रमिला म्हणाली.

"वार पडू दे. इतला जड चीक त्याले पचाव नही," भागाबाई म्हणाल्या.

प्रमिलाने पुन्हा सांगितलं नाही. थोड्याच चौकटी उरल्या होत्या, ती कागदाकडे वळली.

संध्याकाळी वार पडल्यावर वासराला लावलं, तेव्हा शेणाने भरलेल्या आचळांवरून मी वासराच्या तोंडात गेलो. आत कुणीच अडवलं नाही. आईच्या चिकात पहारेकरी असतात, ते माझे काटे धरून ठेवतात. त्या दिवशी ते गल्लीत वाटले गेले होते.

सहाव्या दिवशी वासराला पिवळी हगवण लागली. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. भागाबाई वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्यांना सर्दी झाली होती, त्या शिंकत होत्या. प्रमिलाने आईकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं, मग हातातल्या लाल कागदाकडे. एवढे सारखे काटे एकमेकांच्या दारांतही बसतील, या विचाराने ती भ्याली. भागाबाईंच्या नाकात माझा भाऊ होता आणि मांडीवरच्या वासरात मी. आमच्यामध्ये फक्त एक पदर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वासरू गेलं. त्याचं अंग गार होत गेलं तसे आत आम्हीही विझत गेलो. तेव्हा मलाही भीती वाटली.

"मी एकदाच सांगं, माय," प्रमिला म्हणाली. "परत सांगाले पाहिजे व्हतं."

 पुढच्या वेळी गाय व्याली तेव्हा भागाबाईंनी आधी आचळं धुतली आणि वारेची वाट न पाहता वासराला लावलं. बाया भांडी घेऊन दाराशी आल्या.

"वासरूनं पोट भरू द्या. उरनं ते देसू," भागाबाई म्हणाल्या. काही उरलं नाही. बाया रागावून गेल्या. मी वासरात शिरलो आणि तिथेच धरला गेलो.

मित्रांनो, माझं कुणाशी वैर नाही. पण त्या पहिल्या वासराचं हंबरणं मी आतून ऐकलं आहे. तुमच्याकडे गाय व्याली तर पहिल्या तासातच वासराला चीक पाजा. आपले हात धुवा. मला उपाशी ठेवा. मी तांबडीच्या पोटात अजून आहे, आणि ती पुन्हा गाभण आहे.