पट्टीवरचे मूग

आमच्या क्वार्टरची मागची खिडकी उघडली की समोर थेट कॉलेजचं मैदान. लग्न होऊन निलंग्याला आले तेव्हा मला त्या खिडकीचं केवढं कौतुक होतं! आमची लेक मित्रा झाली आणि तेच मैदान जिवाला घोर होऊन बसलं. त्यात यंदाचा मे म्हणजे मे म्हणायची सोय नव्हती. कूलर पुसून जागेवर लावला तो तसाच उभा राहिला. दर दुसऱ्या दिवशी ढग भरून यायचे आणि धो धो ओतायचे. मिडविकेटला डबकं, बाउंड्रीला डबकं, रोलरच्या मागं डबकं. लोकांना पाणी दिसायचं, मला डासांची अंडी दिसायची. घरात दहा महिन्यांचं लेकरू, पेपरात रोज डेंग्यू.

म्हणून सकाळी उठलं की मी मित्राला कडेवर घ्यायची, हातात टॉर्च घ्यायची आणि एकेक डबकं वाकून बघत मैदानाला फेरी मारायची.

"दिवसाढवळ्या टॉर्च घेऊन काय शोधतेस गं? पोरी हसायल्यात," आमचे हे, म्हणजे नागसेन, म्हणायचे. ते कॉलेजचे स्पोर्ट्सचे सर, त्यामुळं हसणाऱ्या पोरी त्यांच्याच.

"हसू द्या. अळ्या टॉर्चशिवाय दिसत नाहीत."

"बॉटनीवालीला अळ्यांचं काय पडलंय?"

"आईला पडलंय."

पण त्या पंधरवड्यात मैदानाची माझ्यापेक्षा जास्त धास्ती घेतलेला एक माणूस होता. खाजामियाँ, आमचे ग्राउंडमन. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आजूबाजूच्या गावांत बघाल तर क्रिकेटला सिमेंटची पट्टी आणि वर मॅट. आमच्याकडं मात्र खरीखुरी मातीची पट्टी. बावीस वर्षांपूर्वी चाचांनी तळ्यातला गाळ ट्रॉल्या भरभरून आणला, चाळून चाळून एकेक थर दिला, रोलर फिरवला. इतक्या वर्षांत तिच्यावर कॉलेजचे सामने झाले, बाहेरचा मोठा सामना एकदाही नाही. यंदा पहिल्यांदा जिल्ह्याच्या मुलींच्या निवडीचा सामना आमच्या मैदानाला मिळाला होता. तारीख पंचवीस मे, रविवार. शनिवारी लातूरहून विरूपाक्ष साहेब मैदान तपासायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं की सामना लातूरला जाणार.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण चाचा एकतीस मेला रिटायर होणार होते, आणि प्राचार्य शेषेराव सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "खाजामियाँ गेल्यावर ही माती कोण सांभाळणार? हा सामना झाला तर बघू. नाही झाला तर जूनमध्ये सिमेंट ओतून मोकळं होऊ."

सामन्याच्या आधीच्या रविवारी दुपारी पश्चिमेकडून ढग आले तेव्हा चाचा सायकल काढून जे सुटले, ते रानातल्या नरसिंगच्या खळ्यावरून दोन मोठ्या ताडपत्र्या घेऊनच परतले. कॉलेजची ताडपत्री उंदरांनी खाल्ली होती. नरसिंगच्या उन्हाळी मुगाची नुकतीच रास झाली होती, ताडपत्र्या मोकळ्या होत्या. पावसाचा पहिला सडाका पडायच्या आत पट्टी झाकून, चारी बाजूंनी दगड ठेवून चाचा तयार.

मग चार दिवस पाऊस राहिला. आणि चार दिवस ती ताडपत्री राहिली.

बुधवारी तासभर उघडीप होती. मी फेरीवर होते. म्हटलं, "चाचा, घटकाभर उघडा ना. हवा तरी लागू द्या."

"न्हाई बेटी. ह्या आभाळाचा काय भरोसा? झाकून हाय म्हणून वाचून हाय."

"पण आत घाम धरत असेल."

"मातीला कुठं घाम येतो!" चाचा हसले आणि माझ्या कडेकडं बघू लागले. मित्राला टोपी, मोजे, वरून माझी ओढणी, त्यावर छत्री. "आन् लेकराला येत न्हाई का?"

मी छत्री जरा खाली ओढली. मित्राच्या मानेवर घामोळं उठलेलं होतं आणि ते चाचांना दिसलं होतं.

गुरुवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. ताडपत्रीच्या सुरकुत्यांत पाणी साचलं होतं आणि मला नेमका त्या पाण्याचा संशय. टॉर्च मारली. अळ्या नव्हत्या. पण पाणी ओघळावं म्हणून कोपरा जरा उचलला तर आतून एक वास आला. ओळखीचा, स्वयंपाकघरातला. फडक्यात बांधलेल्या कडधान्याची पुरचुंडी सोडली की येतो तो.

मी खाली वाकून आत टॉर्च मारली आणि जोरात ओरडले, "अहो! चाचा! पट्टीला मोड आलेत!"

नागसेन ब्रश तोंडात घेऊन धावले. चाचा रोलरजवळून धावले. तिघांनी मिळून ताडपत्री मागं ओढली. एका टोकाच्या क्रीजपासून मध्यापर्यंत पांढरे पिवळट, बोट बोट लांब मुगाचे मोड. नरसिंगच्या ताडपत्रीच्या घड्यांत मूग अडकले होते आणि त्यांना चार दिवस अंधार, ओल, ऊब सगळं मिळालं होतं. मी घरात इतके चांगले मोड कधी काढले नव्हते.

चाचा पट्टीच्या कडेला उकिडवे बसले. "मीच पेरणी केली," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांची बायको जाहिदाचाची चहाची किटली घेऊन आली. ती मैदानापलीकडच्या गल्लीत ब्लाउज शिवते. तिनं पट्टी बघितली, नवऱ्याकडं बघितलं आणि किटली खाली ठेवली.

"बावीस साल झाले, मनिषा. अंगणात एक मोगरा लावू देईनात. माती पट्टीला पाहिजे म्हणे. आन् इथं शेती करून राहिले!"

"जाहिदा, तू चूप बस."

"बसते. खत कवा टाकायचं तेवढं सांगा."

नागसेनना हसू आवरेना, ब्रश हातात धरून ते दुसरीकडं बघू लागले. चाचांनी मात्र तिरीमिरीत एक मोड धरला आणि उपटला. त्याच्यासोबत रुपयाएवढं मातीचं ढेकूळ वर आलं. पट्टीत खड्डा. चौघंही गार.

"सगळे उपटले तर चाळणी होईल," नागसेन म्हणाले.

ते ढेकूळ चाचांनी परत खड्ड्यात ठेवलं, अंगठ्यानं दाबलं, परत काढलं. मला राहवलं नाही. बीएस्सीची तीन वर्षं आणि रोजची मोड आलेल्या मुगाची खिचडी, दोन्ही एकदम कामी आलं.

"उपटू नका चाचा. कापा. अगदी मातीलगत. मोड अंधारात वाढलेत, त्यांच्यात दम नाही. शेंडा कापला की मूळ आतल्या आत वाळून जाईल. उलट तेवढा एक दिवस ते मातीला धरून ठेवील."

"आन् परत फुटलं तर?"

"मातीलगत कापल्यावर मूग फुटत नाही. फुटलाच तर रविवारनंतर फुटू द्या."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. नंतर बायकोकडं. "जाहिदा, तुझ्या कातऱ्या किती हायत?"

"चार हायत. पण एकीनं कपडा सोडून दुसरं काय कापायचं न्हाई."

"कपडाच समज."

अर्ध्या तासात कापणी सुरू झाली. चाचीच्या चार कातऱ्या, मित्राची नखं कापायची इवलीशी कात्री, आणि नागसेननी हॉस्टेलमधून बोलावलेल्या टीमच्या सहा पोरी. पट्टीवर पाय द्यायचा नाही म्हणून चाचांनी दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या टाकल्या. फळीवर पालथं पडायचं, हात लांब करायचा आणि एकेक मोड कापून परातीत टाकायचा. मी मित्राला बाजूला चादरीवर बसवलं, वर घडीची मच्छरदाणी.

"लेकराला कांद्याच्या राशीगत झाकलंस गं," चाची म्हणाली. "ऊन पडलंय, वारा सुटलाय. काढ ते."

"डास येतील चाची."

"भर उन्हाच्या टायमाला? डास बी झोपतेत की."

मी मच्छरदाणी काढली. पाच मिनिटं नुसती तिच्याकडंच बघत राहिले. मित्रा मजेत गवत उपटत होती. मग मी पण फळीवर पालथी पडले.

पोरींचं तोंड बंद नव्हतं. विकेटकीपर पोरगी म्हणाली, "सर, हे मोड हॉस्टेलच्या मेसला द्यायचे का?"

"दे. पण रोलर फिरलेल्या मातीतलेत म्हणून सांग."

"मेसच्या उसळीपेक्षा बरे लागतील."

तीनपर्यंत पट्टी साफ झाली. जवळून बघितलं तर दाढी केलेल्या गालासारखे बारीक खुंट दिसत होते, लांबून काहीच नाही. चाचांनी त्या एका खड्ड्यात कोरड्या गाळाची भुकटी भरली, पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि मोगरीनं ठोकत बसले. रात्रीसाठी ताडपत्री घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती आधी दोन्ही बाजूंनी झटकली, उलटी करून पुन्हा झटकली, घड्यांतून बोट फिरवलं. झाकताना खाली आडवे बांबू टाकले, म्हणजे मातीला न चिकटता आतून वारा फिरावा. शुक्रवारी दोनदा भुरभुर आली. दोनदा झाकलं, थांबल्या थांबल्या उघडलं. मधल्या वेळात दहा पोरी रोलर ओढत होत्या आणि चाचा मागून "धीरे, धीरे" करत चालत होते.

शनिवारी अकरा वाजता विरूपाक्ष साहेब आले. मूळचे देवणीचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, पांढरे शुभ्र बूट. शेषेराव सर त्यांच्या मागं. मी खिडकीतून बघणार होते, पण राहवेना. मित्राला घेऊन बाउंड्रीवर जाऊन उभी राहिले.

साहेबांनी आधी मैदानाला चक्कर मारली. मिडविकेटच्या डबक्यातलं पाणी पोरींनी आदल्या दिवशी पोत्यांनी टिपून घेतलं होतं, वर लाकडाचा भुसा टाकला होता. साहेबांनी भुशात बूट दाबला, मान हलवली. मग पट्टीवर आले. अंगठा दाबला. खांद्याच्या उंचीवरून बॉल टाकला. टप. बॉल गुडघ्याच्या वर आला. पुन्हा टाकला. पुन्हा आला. मी श्वास सोडणार तेवढ्यात साहेब क्रीजजवळ खाली वाकले, अगदी नाक लागेल एवढे.

"हे काय आहे हो?"

नागसेननी तोंड उघडलं, पण चाचा आधी बोलले. "मूग हाय साहेब."

"काय?"

"मूग. खळ्यावरची ताडपत्री टाकली, झटकली न्हाई. चूक माझी. उगवून आले. कापून घेतले."

शेषेराव सरांनी कपाळाला हात लावला. साहेब तसेच वाकलेले. त्यांनी नखानं एक खुंट खरवडला. मग सरळ उभे राहिले आणि चाचांकडं बघून विचारलं, "उपटले का नाहीत?"

"माती निघत होती. ह्या मॅडमनी सांगितलं कापा म्हणून."

"मग बरोबर." साहेबांनी बॉल थेट खुंटांवर टाकला. तो बाकीच्या जागी आला तसाच वर आला. "पाच गावच्या पट्ट्या बघितल्या ह्या आठवड्यात. सगळीकडं चिखलच आहे, आणि सगळे म्हणतात, साहेब, एकदम कडक आहे. मूग आहे म्हणणारा तुम्ही पहिला." कागदावर सही करत ते म्हणाले, "पंधरा-पंधरा ओव्हर. साडेनऊला टॉस."

रविवारी ऊन पडलं. निम्मं निलंगा मैदानावर होतं असं मी म्हणणार नाही, पण कट्टा भरला होता. चाची शिलाईचं काम टाकून आली होती. आमच्या विकेटकीपरनं बेचाळीस धावा काढल्या. नंतर आमच्याच फिरकीवाल्या पोरीचा एक बॉल क्रीजपुढं पडून असा हातभर वळला की समोरचीची दांडी गुल. ती पोरगी नाचत चाचांकडं पळत आली, "चाचा, मुगानं वळवला!"

"मुगानं न्हाई, तुझ्या बोटानं. जा, पुढचा टाक."

आमच्या दोन पोरी निवडल्या गेल्या. विरूपाक्ष साहेब पोहे खाताना म्हणाले, "सप्टेंबरमध्ये अजून एक सामना आहे, इथंच देऊ का?" शेषेराव सरांनी दोनदा घसा खाकरला. "द्या की. पट्टी तयार आहे आमची." मग चाचांना म्हणाले, "खाजामियाँ, रिटायर झाल्यावर सकाळचं तुम्ही काय करणार आहात?"

"काय न्हाई सर. झोपणार."

"तुमच्यानं झोपणं व्हायचं नाही. एखाद्याला शिकवून जा. दोघांना शिकवा. सिमेंटचा विषय मी काढत नाही आता."

चाचांनी मान हलवली, पोह्याची प्लेट अर्धीच ठेवली आणि कुठं गेले कळलं नाही. मी मित्राला घेऊन शोधत निघाले तर चाचा पट्टीवर. हातात झारी. बॉलरच्या पायांनी उखडलेल्या जागी ते सावकाश पाणी घालत होते.

नागसेन लांबून ओरडले, "चाचा! पाणी? महिनाभर पाण्याला शिव्या दिल्या आणि आता पाणी?"

"खेळून झालेल्या मातीला पाणीच लागतं सर. त्याबिगर ती जुळत न्हाई." चाचांनी झारी खाली ठेवली आणि बाजूला पडलेली दुसरी माझ्याकडं सरकवली. "बेटी, त्या टोकाला तू घाल. धार बारीक. आन् चप्पल काढून ये."

मी मित्राला नागसेनच्या हातात दिलं आणि चपला काढल्या.