बाराव्या गाडीचं चाक

मागच्या जत्रेत गाड्या अडल्या अन् नाव माझं झालं.

आता नवख्या माणसाला सांगते. सिल्लोडपासून दोन कोसांवर आमचं गाव. चैताच्या जत्रेला इथं बारा बैलगाड्या एकामागं एक बांधतात. बैल जुंपत नाय. भगतानं कमरेला दोर बांधायचा, गाड्यांभवती पाच फेऱ्या मारायच्या अन् देवाचं नाव घेऊन साऱ्या गाड्या एकट्यानं ओढायच्या. एकट्यानं म्हणायचं नुसतं, बाजूला दोन बगले खांदा देतात. गाडीत बसायला पैसा पडत नाय, म्हणून सारं गाव लेकराबाळांसकट चढतं. चार आण्याच्या रेवड्या, एखादी पिपाणी अन् फुकटची चक्कर. गरिबाची वर्षाची तेवढीच मौज.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर जत्रा पुन्हा भरायला लागली, तेव्हापासून भगताचा मान माझ्या सासऱ्यांकडं, बद्रीनाथ भगतांकडं. मागल्या साली गाड्या जागच्या हलल्याच नाय. तिसऱ्या दमाला मामंजी मटकन खाली बसले. झाली कुजबुज सुरू, भगताच्या घरात विटाळ झाला म्हणे! घरात बाया दोनच. सासू म्हातारी, मग उरलं कोण? मीच की! देवाच्या शपथा घेतल्या, पण ऐकतंय कोण. दोन महिने माहेरी पडेगावला नेऊन टाकलं मला. आवंदा गाड्या अडल्या तर कायमची धाडीन, असं नवऱ्यानं तोंडावर सांगितलं. जरा लाज नाय वाटली मेल्याला.

भगताच्या घरच्या बायांनी त्या दिवशी गाड्यांकडं फिरकायचं नाय, असा रिवाज आहे. खड्ड्यात गेला रिवाज. मी पोरीला, वच्छीला, हाताला धरलं अन् उन्हं कलायच्या आत मैदानात हजर झाले. विटाळ माझा नव्हता, मग गाड्या अडवल्या त्या कुणातरी माणसानंच.

माझा पहिला संशय रामकिसनवर. हा मामंजींचा बगला, पण मान आपल्याला मिळावा म्हणून कधीचा टपलेला. बघते तर हा पहिल्या गाडीखाली वाकलेला.

"काय चाललंय रे तिथं?" मी खेकसले.

"दोर बघतोय, वहिनी. तुम्ही अशा बघत राहिल्या तर नजरेनंच तुटंल." आजूबाजूची टवाळ पोरं फिदीफिदी हसली. दोर मी स्वतः ओढून पाहिला. धड होता.

मग गेले शेवटच्या गाडीकडं. ती नूरमोहम्मदची. "वंगण घातलं का चाकाला?"

"दो बार घातलं, भाभी. मागल्या साली बी घातलं होतं. मेरी गाडी पे शक नको." बिचारा दुखावला. पण मला तेव्हा देवावरसुद्धा भरवसा नव्हता.

मामंजींची पाचवी फेरी संपली. सारी माणसं पुढं बघत होती, मी तेवढी मागं बघत होते. तर गाडीच्या पलीकडून एक बाई वाकली. पदराखाली पाटीएवढा धोंडा. तो तिनं हळूच चाकाच्या पुढ्यात सरकवला. डोक्यावरचा पदर ढळला अन् तोंड दिसलं. माझी सासू, भागूबाई!

"आत्याबाई! मागल्या साली बी तुम्हीच?"

ती तशीच उकिडवी बसून राहिली. "व्हय."

"अगं माय!" मी ओरडलेच.

"हळू बोल, सरू. त्यांच्या छातीत कळ येतीया. दोन सालं झाली. कुणाला सांगू नको म्हणले, मान जाईल. पुढं उतार आहे. गाड्या सुटल्या अन् त्यांना पळता आलं नाय, तर बारा गाड्या अंगावरून जातील. मी काय करू?"

"मग विटाळ माझ्या अंगावर का घातला?"

"तुझ्यावर नसता घातला तर त्यांच्यावर आलं असतं. भगत खोटा ठरला असता."

तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, हिची झिंजी धरून मैदानात उभी करावी. पण पुढं मामंजींनी दोराला हात घातला होता. धोंडा राहिला तर मी घराबाहेर, काढला तर म्हातारा चाकाखाली. मी पोरीचा हात सोडला अन् नूरमोहम्मदच्या गाडीवर चढले.

"थांबा! मामंजींच्या छातीत दुखतंय! दोर सोडा त्यांचा!"

वाजंत्री बंद पडली. मामंजी दोरासकट मागं फिरले. हळदीनं माखलेलं तोंड, डोळे लाल. "कुणी सांगितलं तुला?"

आत्याबाईनं माझं नाव घेतलं होतं, मी तिचं घेणार नव्हते. तेवढा तरी फरक राहू दे म्हटलं.

"बघा," रामकिसन ओरडला, "आवंदा विटाळ स्वतःच बोलायला लागला!" मैदान हसलं. माझा नवराही मान खाली घालून उभा. पण मी गाडीवरून उतरले नाय.

तेवढ्यात आत्याबाईनं दोन्ही हातांनी तो धोंडा वर उचलला.

"मी सांगितलं. अन् मागल्या साली हा चाकाखाली मीच लावला होता. माझ्या सुनेत काही खोट नव्हती."

कुणी हसलं नाय. मामंजींनी कमरेचा दोर सोडला अन् रामकिसनच्या हातात दिला. त्यानं तो इतक्या झटकन बांधला, की मला पुन्हा संशय आलाच.

मी वच्छीला घ्यायला खाली उतरले, तोवर गाड्या एका दमात हलल्या. लेकरं किंचाळली, पिपाण्या वाजल्या. मामंजी चोवीस वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसले, तेही शेवटच्या, बायकोकडं पाठ करून. गाडी हळू चालली होती. नवऱ्यानं मला वर घ्यायला हात दिला, मी तो धरला नाय. पोरीला घेऊन आपली आपण चढले.

आत्याबाई सरकली. "ये, बस."

बसले मी. पण आमच्या दोघींच्या मधे वच्छीला बसवलं.