पाणी मुरलं ते माझ्याच पाठीत

मी एक लाकडी धनुष्य बोलतोय. व्याकरण मला 'ते धनुष्य' म्हणतं, पण ज्याच्या अंगात इतका ताठा आहे त्याने 'बोलतंय' कशाला म्हणायचं? तर, बोलतोय. जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा मी तोंड शिवून बसलो होतो, त्याचीच ही हकीकत आहे.

माझा स्वभाव जन्मापासून संशयी. ज्याला उचलणारा प्रत्येक जण वाकवायलाच उचलतो, त्याने भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

मला घडवलं एका म्हाताऱ्या कारागिराने. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते आणि तिची मुलगी मामा. मीही त्याला मामाच म्हणतो, मनातल्या मनात. मामाच्या खोलीत एक खिडकी, एक जाडजूड टेबल, भिंतीवर टांगलेली हत्यारं आणि कोपऱ्यात शेगडी. त्या शेगडीवर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती. बिघडलेली धनुष्यं तिच्यातच जायची आणि त्यांच्या आचेवर मामाचा चहा उकळायचा. चहा पिताना तो हळहळायचा, पण प्यायचा.

झाड दर वर्षी अंगावर एक थर चढवतं. धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे दोरीच्या विरुद्ध बाजूला, त्यातला एकच थर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखायचा असतो. तो मध्ये कापला गेला की धनुष्य तिथेच मोडणार. मामाने आयुष्यभर हे पाळलं. माझ्या वेळी मात्र, वरच्या टोकापासून वीतभर अंतरावर, त्याचं पातं थर कापून खाली उतरलं. मला वाटलं, आता हा जीभ चावेल, कपाळावर हात मारेल. तो शीळ घालत पुढे गेला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढा जुना माणूस, आणि याला दिसलं नाही? की दिसलं, आणि हा साळसूदपणे गप्प बसला?

मग तपासणी आली. मामा धनुष्याला दोरी लावतो, थोडी थोडी ओढतो आणि कान लाकडाला लावून विचारतो, "काही दुखतंय का रे?" लाकूड कुठे फाटत असेल तर आतून 'टक' असा बारीक आवाज येतो. माझ्या आधीच्या दोघांनी प्रामाणिकपणे 'टक' केलं होतं. दोघांचाही चहा झाला. मला तो प्रश्न मायेचा वाटलाच नाही, तो मला सापळा वाटला. दोरी ताणली, माझ्या पाठीवर कापलेल्या थराशी एक केसाएवढी आडवी भेग पडली, आणि मी आवाज गिळला.

"गुणी आहेस," मामा म्हणाला. मी सुटलो. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो मला शेजारच्या खोलीत बहिणीकडे घेऊन गेला. ती सूत रंगवायची. डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, मंजिष्ठेची मुळं, सगळं डब्यांत भरून ठेवलेलं. कांदा टाकून टरफल जपणारी बाई! मी तिच्यावरही लगेच संशय घेतला.

"हे रंगवून दे," मामा म्हणाला. "गडद कर. एकदम गडद."

बहीण त्याच्याकडे बघतच राहिली. "लाकडाला रंग म्हणजे धडधाकट माणसाला पट्ट्या बांधणं, असं कोण म्हणायचं रे? तेलाशिवाय काही लावू दिलं नाहीस आजवर. आज काय झालं?"

"तुझ्या लेकीसाठी आहे. तिला आवडेल."

"तिने मागितलाय का रंग?"

"तू रंगव गं. किती चौकशा!"

कुठेतरी पाणी मुरतंय हे तिलाही कळलं आणि मलाही. मी तर खूणगाठच बांधली की याने भेग पाहिलीय, आणि रंगाखाली दडपून मला भाचीच्या गळ्यात मारतोय. भाची शाळेत मुलींना तिरंदाजी शिकवते. तिची दोरी गालाला टेकते. मी मोडलो तर तुकडा कुठे जाईल, हे सांगायला नकोच.

बहिणीने आधी मला तुरटीच्या पाण्याने पुसलं. मग मंजिष्ठेचा गरम काढा फडक्याने चोळला. एक हात, दोन हात, तीन हात. खरं सांगतो, मला ते आवडलं. वर्षानुवर्षं फिकट राहिल्यावर अंगावर लाली चढत होती. शेवटी तिने गंजक्या खिळ्यांचं पाणी घेतलं. ते लागलं की लाल रंग काळपट होतो. मीही मनात म्हटलं, चला, झाकलं गेलं सगळं.

पण झाडपाल्याचा रंग वर बसत नाही, आत शिरतो. माझ्या भेगेने तो घटाघटा प्यायला. सगळं अंग तांबूस काळं, आणि वरच्या टोकाखाली एक शाईसारखी काळी रेघ उमटली. आडवी.

"दादा, ही रेघ कसली?"

"रेघा असायच्याच लाकडाला."

"त्या उभ्या असतात. ही आडवी आहे."

मामाने मला खिडकीत नेलं, डोळ्यांजवळ धरलं आणि अंगठा ठेवला. "ही ना? ही गाठ आहे."

त्याचा अंगठा रेघेच्या चार बोटं खाली होता.

बहिणीने वाळणीच्या दोरीवरून सुताच्या दोन लडी काढल्या आणि दोन हातांत धरल्या. "बरं, ते राहू दे. यातली लाल कुठली आणि पिवळी कुठली, सांग बरं."

मामाने डोळे बारीक केले. "डावीकडची लाल."

दोन्ही पिवळ्या होत्या.

तेवढ्यात भाची आली. "मामा, झालं का? उद्या मुलींना दाखवायचंय!" तिने मला उचललं, ओल्या रंगाने हात लाल झाले तरी दोरी चढवली.

"ठेव ते," तिची आई म्हणाली. "द्यायचं नाही."

"का? माझं हे खेळणं तुला पहिल्यापासून खुपतं म्हणून?"

"त्यावर रेघ आहे."

"रंग ओघळलाय, आई. मामाने तपासलंय ना?" आणि तिने ओढायला सुरुवात केली. दोरी अर्ध्यावर आली. भेग उघडत होती, मला कळत होतं. तिचा डोळा माझ्यापासून हातभरही लांब नव्हता. एक 'टक' पुरे होतं. मला शेगडी आठवली, आणि मी गप्प राहिलो.

बोलला तो मामा. "सोड! हळूच सोड." त्याचा आवाज चिरकला. "मी ते ऐकून तपासलंय गं, बघून नाही. मला दिसत नाही. पात्याच्या खुणा राहिल्या असतील, त्या तुला दिसू नयेत म्हणून गडद कर म्हणालो. भेगेचं मला खरंच माहीत नव्हतं."

भाचीने दोरी सैल केली. कितीतरी वेळ ती मामाचा हात धरून उभी होती आणि तो हातही लाल झाला.

मी सगळ्यांवर संशय घेतला. मामावर, त्याच्या बहिणीवर, कांद्याच्या टरफलांवरसुद्धा. ज्याने डोळे जाताना फक्त माझ्या आवाजावर भिस्त ठेवली होती, त्याला फसवणारा त्या खोलीत एकच होता. मला अजून त्याची लाज वाटते.

शेगडीत मी गेलो नाही. बहीण म्हणाली, "रंग फार छान चढलाय, जाळवत नाही." आता तिच्या खोलीत दोन खुंट्यांवर मी आडवा आहे. दोरी नाही. माझ्यावर ओल्या लडी वाळतात आणि थेंब थेंब रंग अंगावरून ओघळतो.

मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तो आधी इथे आला. लडी बाजूला केल्या, रेघ पाहिली. "बाप रे, एवढी होती?" म्हणाला. मग मला खाली काढून गुडघ्यावर जरासं वाकवलं, आणि आता गरज नसतानाही कान लावला.

"काही दुखतंय का रे?"

मी 'टक' केलं.

तो हसला आणि मला परत खुंट्यांवर ठेवून गेला. तुमच्या हाती कधी एखादं धनुष्य आलं, तर ओढण्याआधी त्याला एवढं विचारा. आणि ते अगदीच गप्प राहिलं, तर माझी आठवण ठेवून त्याच्यावर संशय घ्या.