आत्याची नखं

पार्लरवालीला तशी कशाचीच किळस येत नसे. वीस वर्षं लोकांच्या भेगाळलेल्या टाचा घासून माणसाचं नाक मरतं. म्हणून मेलेल्या आत्याला आंघोळ घालायला आत शिरताना तिला मयताची भीती नव्हती. भीती होती ती हेडबाईंची.

ज्यूंमध्ये बाईच्या मयताला बायकाच शेवटची आंघोळ घालतात. इथं ते काम हेडबाईंकडे आणि त्यांच्या जावेकडे होतं. हेडबाई शाळेतून कधीच निवृत्त झाल्या, छडी मात्र जिभेवर राहिली. आत्यानं मरण्याआधी बजावलं होतं, "माझ्या आंघोळीला भाची हवीच." शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, धाब्यावर बसवून पार्लर उघडणारी भाची. हेडबाईंनी नाक मुरडलं, पण मेलेल्याचा शब्द मोडणार कोण?

नियम साधे. अंग उघडं टाकायचं नाही, मयतावरून काही पलीकडे द्यायचं नाही, आणि कामापुरतंच बोलायचं. पहिले दोन त्या दोघींनी काटेकोर पाळले.

"पोट बघा केवढं," जाऊ म्हणाली. "खाऊ नये ते सगळं खाल्लं असणार."

"आणि या वयात लाल नखं," हेडबाई म्हणाल्या. नखांवर रंग राहता कामा नये, म्हणून त्या सुरीनं खरवडू लागल्या. शेजारची कातडी सोलली गेली.

आत्याची घाण पुसताना पार्लरवालीला किळस आली नव्हती, ती आता आली. या दोघींची तिला शिसारी आली. त्यांच्या झाकलेल्या केसांची, तीनतीनदा धुतलेल्या हातांची. चालतं व्हावं आणि पुन्हा या धर्माचं तोंड बघू नये, असं वाटलं. पण मग आत्या या दोघींच्याच तावडीत राहिली असती.

तिनं सुरी काढून घेतली. पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस काढला, एकेक बोट हातात धरून दहाही नखं पुसली. रंग तिनंच लावला होता, गेल्याच शनिवारी.

शेवटी मयताची क्षमा मागायची असते. हेडबाई पुटपुटून मोकळ्या झाल्या.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "नीट, तिचं नाव घेऊन."

"तू आम्हाला धर्म शिकवणार? पुन्हा या खोलीत पाऊल टाकून दाखव."

"टाकणार. दर मयताला येणार." तिनं पांढऱ्या कापडाची कड सारखी केली. "तुमच्या वेळीही मीच असेन, बाई. आणि तोंड बंद ठेवीन."